दुकान वाढवलं

सकाळी तीन ड्रोन सगुणाबाईंच्या दुकानासमोर तांदूळ, गूळ आणि काडेपेट्यांचा ढीग उतरवून गेले.

"आत्याबाई, एवढा माल? काल त्या माल मागवणाऱ्या यंत्राला काय सांगितलंत?" सुनेनं विचारलं.

"त्यानं विचारलं, सगळं गाव परस्पर ड्रोननं मागवतंय, तुमच्या दुकानाचं काय करू? म्हटलं, वाढव बाबा आता कायमचं."

सुनेनं कपाळावर हात मारला. "त्याला वाटलं, मोठं करायचंय! आता स्पष्ट सांगा, बंद कर म्हणून."

"तो शब्द या उंबऱ्यात कुणी काढला नाही. मीही काढायची नाही."

सगुणाबाईंनी ढिगाकडे एकदा बघितलं. मग त्यांनी पदर खोचला.

"गुळाची ढेप आत घे. आणि गावात सांग, आम्ही दुकान वाढवलंय. यंत्राच्या मराठीत!"