नंजनगुडची रत्ना

"अरे बोल रे, सुम्ने, उगाच घाबरतोस कशाला?" चिदंबर फोनवर म्हणाला. "इथे आईची नर्सबाई आहे फक्त. नंजनगुडची. मराठी म्हणजे हिला मंत्र वाटतात."

रत्नाने मान वर केली नाही. ती जानकीबाईंच्या बोटाला ऑक्सिमीटर लावत होती. तोंडावर मास्क, त्यावर प्लास्टिकची शील्ड, डोक्याला टोपी. दिसत होते ते नुसते डोळे, आणि तेही तिने खाली ठेवले होते.

तिचं खरं नाव नागरत्ना. नंजनगुड तिने बसच्या खिडकीतून पाहिलं होतं तेवढंच. ती नजरबादची, टेलर सत्यनारायणची बायको. घरात मराठी, बाहेर कन्नड. म्हैसुरात त्यांच्यातले सगळेच असे. आणि परक्यासमोर काही गुपित बोलायचं असलं की सगळेच मराठीत शिरतात, आतून कडी लावल्यासारखे. चिदंबरपण त्यांच्यातलाच, तोही तेच करणार, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून तर ती जयलक्ष्मीपुरमच्या या घरात कामाला आली होती. लग्नाआधी ती एका नर्सिंग होममध्ये आया होती, तेवढ्यावर काम मिळालं. कोरोनाच्या घरात शिरायला दुसरं कुणी तयारच नव्हतं.

सत्यनारायण शाळांचे युनिफॉर्म शिवायचा. शाळा बंद झाल्या, मशीनवर चादर पडली. मग त्याला ताप आला. मग धाप. नागरत्ना बेडसाठी हॉस्पिटलच्या दारात उभी होती, तेव्हा काळ्या बाजारात ऑक्सिजन सिलिंडर भाड्याने देणाऱ्या चिदंबरची माणसं घरी आली आणि सत्यनारायणच्या नाकातली नळी काढून सिलिंडर उचलून घेऊन गेली. जास्त देणारा कुणीतरी भेटला होता. दीर नरसिंह त्यांच्या पाया पडला, टेम्पोच्या मागे धावला.

"अय्यो वैनी, किती पळालो हो," तो नंतर एवढंच म्हणत राहिला. "किती पळालो."

ती परत आली तेव्हा नवरा गेलेला होता. ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, हा चिदंबर राहतो कुठे?

जानकीबाई तिच्याशी कन्नडमध्येच बोलायच्या, गोड बोलायच्या. "ऊट आयता रत्ना?" जेवलीस का, असं रोज विचारायच्या. ती म्हणायची, "आयतु अम्मा."

एकदा तिने त्यांना पाणी दिलं. जानकीबाई लेकाकडे बघून मराठीत पुटपुटल्या, "केवढं कढत दिलंय हिने."

रत्नाने ग्लास परत घेतला आणि पाणी या ग्लासातून त्या ग्लासात ओतून निववायला लागली. अर्धं निवल्यावर तिच्या लक्षात आलं, त्या तर मराठीत बोलल्या होत्या. पण जानकीबाई निवांत प्यायल्या. चिदंबर मोबाईलमध्ये होता.

त्यानंतर तर फोन वाढलेच. चिदंबर आता आईच्या खोलीतच खुर्ची टाकून बसायचा आणि मोठमोठ्याने बोलायचा.

"पोलिसांवर वरून प्रेशर आहे रे. कुणाला तरी उचलल्याशिवाय गप्प बसणार नाहीत ते."

आणि एका दुपारी, "माल सगळा तिकडे सोसले गावी आहे. गावाबाहेर ती बंद भातगिरणी नाही का, तिथे. गुरुवारी सकाळी हलवायचा. नाही नाही, माणसं कशाला, मी स्वतः जातो."

रत्ना चादरी वाळत घालायला गच्चीवर गेली. तिथून तिने पोलिसांना फोन केला. कन्नडमध्ये सगळं सांगितलं. गाव, गिरणी, गुरुवार. पलीकडच्या माणसाने दोनदा विचारून लिहून घेतलं.

त्या रात्री तिला पहिल्यांदा नीट झोप लागली. तिने सगळा विचार करून ठेवला होता. लॉकअपात माणसावर माणूस असतो, आणि सध्या प्रत्येक लॉकअपात कोरोना. चिदंबरला तिथे धाप लागायला हवी. त्याने नळी मागायला हवी आणि कुणी द्यायला नको.

गुरुवारी सकाळी नरसिंह दारात आपला गुड्स ऑटो पुसत होता. लॉकडाऊन लागल्यापासून गाडी जागची हलली नव्हती. आज शिट्टी वाजवत होता.

"वैनी, भाडं मिळालं! लांबचं आहे, यायला उशीर होईल."

"कुणाचं भाडं?"

"कोण विचारतंय हो या दिवसात? फोन आला, हो म्हटलं."

"मास्क लावा भावोजी. नाकावर, हनुवटीवर नाही."

"कोरोनाच्या घरात कामाला जाता तुम्ही, आणि मास्क मला?" तो हसला आणि किक मारली. ती कुणाच्या घरी जाते हे त्याला माहीत नव्हतं. तिने सांगितलंच नव्हतं.

ती जयलक्ष्मीपुरमला पोचली. आज घरात चिदंबर नसणार, असं धरून फाटक उघडलं. तर तो लुंगीवर व्हरांड्यात बसून पेपर वाचत होता.

उशिरा निघणार असेल, तिने मनाला सांगितलं. ती आत गेली, टोपी घातली, शील्ड लावली, जानकीबाईंचं अंग पुसलं. कान बाहेर लावून.

ऊन चांगलं वर आलं. बाहेर फोन वाजला.

"हां," चिदंबर म्हणाला. मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. "आयता? झालं काम? सरी, सरी." त्याने पेपरची घडी घातली आणि आंघोळीला निघून गेला.

रत्नाला राहवलं नाही. जमेल तेवढ्या साध्या आवाजात तिने कन्नडमध्ये विचारलं, "अम्मा, चिदंबर सार आज कुठे जाणार नाहीत का?"

जानकीबाईंनी नाकातली नळी जरा बाजूला केली. तिचं मनगट हातात घेतलं.

"तो कशाला जाईल?" त्या मराठीत म्हणाल्या. "पाणी निववलंस तेव्हाच तुझं मराठी कळलं मला, मग तू कुणाची कोण तेही काढलं. तुझा दीर गेलाय ना आमच्या भाड्याने गाडी घेऊन. सोसल्याच्या गिरणीत मालासकट धरला त्याला. जा पोरी, ठाण्यात डबा पोचव."