उसनी दुखणी

"जीभ दाखवा, ताई."

तिने दाखवली. चष्मेवाल्या शिकाऊ डॉक्टरने टॉर्च मारून ती अशी निरखली, जसं काही उत्तर तिथेच लिहून ठेवलंय. आज त्याची परीक्षा होती, आणि त्याला आलेला प्रश्न म्हणजे ती.

आठवड्यातल्या दोन सकाळी ती वैद्यकीय महाविद्यालयात खोटी रुग्ण व्हायची. आल्या आल्या हातात चिठ्ठी पडे. आज पोटात उजवीकडे दुखतं, आज डोकं ठणकतं, आज छातीत धडधडतं. चिठ्ठीतलं दुखणं अंगावर पांघरायचं, खाटेवर पडायचं आणि शिकणारी मुलं विचारतील तेवढंच सांगायचं. चिठ्ठीबाहेरचा शब्द काढायचा नाही, हा इथला पक्का नियम. दुखणं दुसऱ्याचं, कण्हणं तिचं. आणि कण्हणं असं, की एकदा एक मुलगी परीक्षा विसरून तिच्यासाठी पाणी आणायला धावली होती.

घरी मात्र पंचाईत. "कुणी विचारलं, लेक काय करते, तर मी काय सांगू?" आई म्हणे. "हॉस्पिटलात असते म्हटलं की विचारतात, कुठल्या वॉर्डात?"

पदवी मिळाल्याला वर्ष होत आलं होतं. बरोबरीची पाखरं दाही दिशांना गेली होती. कुणी पाठीवर पिशवी टाकून डोंगर बघत हिंडत होतं, कुणी आणखी एका पदवीला बसलं होतं, कुणी भावाचं तान्हं मांडीवर घेऊन घर सांभाळत होतं. ज्याचं ऐकावं त्याचंच खरं वाटे. घरी पोचेपर्यंत कुणाचंच खरं वाटत नसे. ती संध्याकाळी वाचनालयात लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायची, ते आवडायचं. पण आवडतं म्हणून तेच करत राहायचं का? कुणाला विचारणार! ही पांढऱ्या कोटातली मुलं पाहिली की तिला हेवा वाटे. यांचं बरं आहे, रस्ता आधीच आखलेला, नुसतं चालायचं.

त्यात मावशीने शब्द टाकला. विम्याची कचेरी, दहा ते सहा, कायमची जागा.

"आज दुपारपर्यंत हो की नाही ते कळव," सकाळी दारात आईने बजावलं. "नाहीतर दुसरी कुणी उचलेल. आणि 'बघते' म्हणू नकोस हं. वर्षभर बघतेच आहेस."

हो म्हणावं तर जीव आखडे. नाही म्हणावं तर पायाखालची जमीन सरके. तशीच ती इथे आली, चिठ्ठी उघडली आणि बघतच राहिली.

बाहेरच्या बाकावर निवृत्त पोस्टमन काका दम लागल्याची तालीम करत होते. ते जुने खोटे रुग्ण, नाटकाचा नाद असलेले.

"मला दमा आलाय गं. तुला काय?"

"मला काहीच नाही, काका. सोमवारी नवीन नोकरीवर रुजू व्हायचंय, म्हणून तपासणीला आलेय. तब्येत ठणठणीत, मन आनंदात."

"अरेरे!" काका दम विसरले. "मग मेलीस तू. हा सगळ्यात अवघड पार्ट."

तिला हसू आलं. आता खाटेवर ते पार पळालं होतं.

चष्मेवाल्याने नाडी पाहिली. पोट चाचपलं. पाठीला नळी लावून श्वास ऐकला. गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, पाय शहाण्यासारखा उडाला. एकेक जागा बिनचूक निघत गेली, तसा तोच घामाघूम होत गेला. परीक्षेत रुग्ण ठेवलाय म्हणजे कुठेतरी काहीतरी दडवलेलं असणारच.

"इथे दुखतं?"

"नाही."

"इथे? थोडंसंही?"

"नाही हो."

"झोप?"

"छान."

"भूक?"

"छान."

घंटा व्हायला आली. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. गप्प कसं बसायचं म्हणून त्याने विचारलं, "नवीन नोकरी म्हणजे आनंदात असाल ना, ताई?"

चिठ्ठीत उत्तर होतं, हो. सगळ्यात सोपं उत्तर. तिने तोंड उघडलं.

"कळत नाही," ती म्हणाली. "घरचे म्हणतात, घे. चांगलीच आहे. हो म्हणावं तर जीव आखडतो, नाही म्हणावं तर भीती वाटते. पुढे काय करायचं तेच मला कळत नाही."

उसनी दुखणी कण्हून कण्हून सांगणारी ती, हे मात्र अगदी हळू बोलली. त्याची पेन्सिल कागदावर थांबली.

घंटा झाली.

तिने जीभ चावली. चिठ्ठीबाहेर बोललो आपण! आता हा बिचारा काहीतरी मोठ्या नावाचा मानसिक आजार लिहिणार आणि नापास होणार. आपल्या घोळाची शिक्षा त्याला.

पडद्यामागून परीक्षक सर आले. "बोल. काय निदान?"

त्याने कागदाकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"निरोगी आहेत, सर. काही झालेलं नाही."

"काही नाही?" सरांनी भुवया उंचावल्या. "जीव आखडतो म्हणाल्या त्या. पुढचं कळत नाही म्हणाल्या. मी पडद्याआडून ऐकलं, तू समोर बसून ऐकलं नाहीस?"

"ऐकलं ना, सर." त्याने चष्मा काढून कोटाच्या टोकाला पुसला. "पण पुढे काय करायचं ते मलाही कळत नाही. म्हणून तो आजार धरला नाही."