तुळतुळीत गाल

धाकट्या बहिणीचे तुळतुळीत गाल पाहून थोरलीचा वर्षानुवर्षं जळफळाट व्हायचा. शेवटी ती दवाखान्यात गाल उजळून घ्यायला गेली, तर डॉक्टर म्हणाले, "आधी मोतीबिंदू काढू, मग चेहऱ्याचं बघू." आज डोळ्यावरची पट्टी निघाली. समोर धाकटी उभी होती आणि तिच्या गालांवर सुरकुत्यांचं जाळं होतं! थोरलीच्या काळजाला थंडावा मिळाला. "आरसा दे गं," ती तोऱ्यात म्हणाली. धाकटीनं पर्समधला आरसा दिला. त्यात बघताच थोरलीचा तोरा उतरला. जाळं तिथंही होतं, उलट जरा दाटच. "ताई, तुझे गाल अजून किती तुळतुळीत गं! मला तर हेवा वाटतो," धाकटी डोळे बारीक करून म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, माझाही मोतीबिंदू पिकलाय. लगेच काढून टाकू का?" थोरलीनं आरसा उशीखाली सरकवला. "कसली घाई आहे? चांगलं दिसतंय की तुला!"