लदेणी

अंगणातल्या कडुनिंबाला कापूस मोजायचा काटा टांगला होता आणि काट्याला उर्वशीची बॅग लटकली होती. अठ्ठावीस किलो. दुसरी लटकवली, ती सतरा. विमानवाल्यांचा कायदा असा की दोन बॅगा न्या, पण एकीतही तेवीसच्या वर चिमूटभर चालणार नाही. हिरासिंगने कपाळाला हात लावला आणि मोठ्या बॅगेतून तुरीच्या डाळीची पिशवी बाहेर ओढली.

"ठेव ते," ओट्यावरून त्याची आई रामीबाई कडाडली. "डाळ काढते म्हणे! तिकडं जर्मनीत तुह्या पोरीले वरण कोण देईन, तुहा सासरा?"

"याडी, वजन जास्त होऊन राह्यलं ना."

"वजन जास्त नाही, भरणारा कमी हाय. बैलाच्या एका अंगाले डोंगर अन् दुसऱ्या अंगाले भाकर, असं लादत असतात काय रे?"

रामीबाई ओट्यावरून उतरली. शाळा तिने बाहेरूनच पाहिलेली, काट्याचे आकडे तिला वाचता येत नव्हते. ती दोन बॅगांच्या मधोमध उभी राहिली, दोन्ही हातांत दोन्ही उचलल्या, डोळे मिटले. मग डाळ इकडून तिकडे गेली. नर्सिंगची दोन जाडजूड पुस्तकं गेली, बूट गेले, शेवटी लोणच्याची बरणी स्वेटरात गुंडाळून गेली. पुन्हा उचलून पाहिलं.

"टांग आता."

साडेबावीस. दुसरी टांगली, तीही साडेबावीस. हिरासिंग काट्याला टिचक्या मारून पाहू लागला.

"त्याले कायले मारतं? खरंच बोलून राह्यला तो."

उर्वशी खदखदून हसली. रामीबाईने पदराखालून दोन पट्ट्या काढल्या, आरसे आणि कवड्या टाचलेल्या, आणि दोन्ही बॅगांच्या कड्यांना करकचून बांधल्या.

"दादी! हा तर तुझा लग्नातला घागरा! कापला?"

"मग? मले आता कोण पाह्यले येऊन राह्यलं? सगळ्यांच्या बॅगा काळ्या म्हणतं ना तू. आपला बैल दुरून ओळखू आला पाह्यजे."

तेवढ्यात तांड्यातल्या बाया आल्या. पुढे शेजारची हंसाबाई. तिने उर्वशीला पोटाशी धरलं आणि लांब सुरात ढावलो लावला. नवरी सासरी निघाली की बाया रडत गातात, तोच. मागच्या चौघींनी सूर धरला. पोरगी वर्षभर यवतमाळला खोली करून जर्मन शिकली होती, नोकरी देणाऱ्या जर्मन दवाखान्याच्या साहेबाशी मोबाईलवर तिच्या भाषेत नाही, त्याच्या भाषेत बोलली होती. कुठं अडली नव्हती. ढावलो कानावर पडला आणि ती बॅगेवर बसली.

"दादी, मी नाही जात. तीन वर्षं लय होतात."

रस्त्यावर जीपवाल्याने हॉर्न दिला. हिरासिंगने एक बॅग उचलली, पण त्याचे पाय जीपकडे नाही, घराकडे वळले.

रामीबाईच्याही ओठांवर ढावलो आला होता. तिने तो गिळला.

"ए हंसा! बंद कर ते. ढावलो सासरी जाणारीले असते. हे काय कोणाच्या चुलीपुढं भाकरी थापाले चालली? लदेणीले चालली हाय माही नात, लदेणीले!"

सूर तुटला. बैलांवर माल लादून मुलूखभर फिरायचं, ती लदेणी. तांड्याने नांगर धरल्यापासून हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारला नव्हता.

"आपले आजे-पणजे समुद्रावरून मीठ आणत होते," रामीबाई म्हणाली. "लदेणी निघाली का तांड्यात कोणी रडे नाही. कधी येशील, असं कोणी विचारेही नाही. काय आणशील, एवढंच विचारायचं. काय आणीन ते सांगून गेलेलं माणूस ते द्यायले परत येतेच." ती हिरासिंगकडे वळली. "अन् तू बॅग कुठं नेऊन राह्यला? ठेव खाली. ज्याची लदेणी, त्यानं लादावं."

हंसाबाईने नाक पुसलं. उर्वशी उठली. तिने बापाकडची बॅग घेतली, दुसरी दुसऱ्या हातात घेतली आणि निघाली. अंगण ओलांडलं, नाली ओलांडली, चढ चढली. दोन्ही हात सारखे ताणलेले. पोरगी कुठंही एका अंगाला कलली नाही.

जीपच्या टपावर बॅगा चढल्या. गाडी दिग्रसच्या रस्त्याला लागली तशी उन्हात आरसे चमकू लागले. आणि मघाशी रडणारी हंसाबाईच सगळ्यांच्या आधी धावली.

"ए छोरी! काय आणशील वो?"

उर्वशीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. गाल ओले होते, पण आवाज तांड्याच्या शेवटच्या घरापर्यंत गेला.

"मीठ!"

बाया हसल्या. रामीबाईने दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि जीपच्या धुळीत ओरडली,

"बारीक आणू नको वो! खड्याचं आण!"