पंच्याहत्तर दिव्यांची परवानगी

वत्सलाबाईंना पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळायचं, म्हणून त्यांच्या मुलाने, श्रीरंगने, कार्बन कचेरीत परवानगीचा अर्ज केला होता. दारात आले ते धातुवसुली खात्याचे तांबोळी.

“सरकारी नोंदीत आई त्र्याहत्तरच्या आहेत. अर्जात पंच्याहत्तर लिहिलंय.”

“शाळेत मास्तरांनी तारीख अंदाजाने घातली होती हो.”

“म्हणजे अर्जातलं वय खरं.”

आईच्या छातीत पेसमेकर होता. पंच्याहत्तरी झाली की पेसमेकर काढून त्यातलं लिथियम देशाच्या बॅटरीसाठ्यात जमा करायचं, हा कायदा होता. चुकीच्या तारखेने आईला दिलेली दोन वर्षं श्रीरंगने स्वतःच्या सहीने घालवली होती.

“कोण आलंय रे?” आतून वत्सलाबाईंनी विचारलं. “चहा टाकू का?”

“टाका, आई,” तांबोळी चपला काढत म्हणाले. “गाडी यायला अर्धा तास आहे अजून.”