रांजणाखालचा बेडूक

त्रेपन्न साली श्यामकांत मास्तर चंदेरीच्या डोंगरावरून इवलासा बेडूक रुमालात बांधून बदलापूरला परतले. "कुमुद, ही जात कुणालाच ठाऊक नाही!" त्यांनी मुंबईच्या एका प्राध्यापकांना पत्र धाडलं, पण उत्तर येण्याआधीच मास्तर तापानं गेले. बेडूक रांजणाखाली राहिला. तिन्हीसांजेला दिवा लावून कुमुदनं "अहो, ऐकलंत का?" म्हटलं, की तो टर्र करी. वर्षानं प्राध्यापक आले. "वहिनी, बाळसं धरलंय की यानं!" म्हणत त्यांनी भिंगातून पाहिलं. "मास्तर बरोबर होते. जातीला त्यांचंच नाव देऊ. पण नमुन्यासाठी हा स्पिरिटच्या बाटलीत ठेवावा लागेल." "दुसरा नाही चालणार?" "सगळा डोंगर धुंडाळला. दुसरा सापडला नाही." कुमुदनं तोच रुमाल काढून बेडूक त्यात बांधला आणि प्राध्यापकांच्या हाती दिला. त्या संध्याकाळी दिवा लावल्यावर रांजणाकडे वळून तिनं जन्मात पहिल्यांदाच उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव मोठ्यानं घेतलं. कुणीच ओ दिली नाही.