मास्तरांची तपासणी

"मास्तर, तुम्ही कशाला रांगेत? जा हो सरळ. तुम्हाला काय तपासायचं!"

जवान खालच्या आवाजात बोलला, पण मास्तरांचा पारा चढायचा तो चढलाच. विमानतळावर तपासणीच्या कामावर असलेली झाडून सगळी पोरं त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. मागच्या आठवड्यात ते याच कामातून निवृत्त झाले होते, आणि आज जन्मात पहिल्यांदा प्रवासी म्हणून आले होते.

"सख्खा बाप आला तरी तपासल्याशिवाय सोडायचा नाही! काय शिकवलं होतं मी?" असं म्हणत ते रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले. रांग कसली, मारुतीचं शेपूटच ते.

आज विमान चुकवून चालणार नव्हतं. लेकीला मुलगी झाली होती. "माझ्या लग्नातसुद्धा ड्युटीवरून धावतपळत आलात, बाबा. नातीला तरी वेळेवर भेटा," असं म्हणून ती फोनवर रडली होती. मास्तरांनाही भरून आलं होतं. येतो म्हणजे येतो, असा शब्द दिला होता त्यांनी.

पण रांग काही हलेना. बाकीची पोरं दुसऱ्या दारांवर होती, इथे जवान बिचारा एकटा पडला होता. एका आजोबांच्या बुटाची नाडी सोडता सोडता तिला निरगाठ बसली. एका व्यापाऱ्याने पट्टा काढला, तर पँट धरायला त्याला दोन्ही हात लागले. मग हात वर कोण करणार? त्याच्यामागे एक बाप कडेवरच्या बाळाच्या दुधावरून हुज्जत घालत होता. "तपासताय की शिजवताय?" कुणीतरी ओरडलं.

मास्तरांचे हात शिवशिवायला लागले. राहवेना, तेव्हा ते तरातरा पुढे गेले आणि जवानाच्या हातातला डिटेक्टर त्यांनी काढून घेतला.

"जा, चहा पिऊन ये. तोंड बघ कसं सुकलंय."

जवान जो पळाला, त्याने वळूनही पाहिलं नाही.

मग काय विचारता! मास्तरांनी आजोबांना खुर्ची दिली आणि गाठ नखाने सोडवली. व्यापाऱ्याची पँट एका हाताने स्वतः धरली, दुसऱ्या हाताने त्याला तपासलं. बाळाला तर गुदगुल्या करत असं तपासलं, की ते खिदळायला लागलं. कुणाचा खोळंबा नाही, आणि नजरेतून एक टाचणीही सुटली नाही. "असा माणूस हवा बघा इथे!" जाता जाता लोक म्हणत होते. मास्तरांची छाती फुगली. बघता बघता रांग संपली.

वरचा स्पीकर खरखरला. विमान सुटतंय, फक्त एका प्रवाशासाठी थांबलोय, ही शेवटची सूचना.

"काय एकेक बेजबाबदार माणसं असतात!" मास्तर चरफडले. "यांच्यापायी बाकीच्यांना ताप."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. लेक होती. "बाबा, बसलात ना विमानात?"

मास्तर मटकन खुर्चीत बसले. समोर काचेपलीकडे विमानाचं दार उघडं दिसत होतं. धावले असते तर पोचले असते. अडवायला चिटपाखरू नव्हतं. ते उठले, एक पाऊल पुढे टाकलं, आणि त्यांच्याच हाताने सवयीने त्यांच्यापुढे डिटेक्टर आडवा धरला.

"बाबा? अहो, बोला ना!"

"कसा बसू गं?" मास्तर रडकुंडीला येऊन म्हणाले. "मला अजून कुणी तपासलंच नाहीये!"